नकाशावर आरोग्य अधिकाऱ्याचीही सही हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुनर्वसनाच्या इमारतीचं चावीवाटप झालं की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. मंत्री, हार आणि पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात धरून उभं असलेलं एक कुटुंब. त्या फोटोला माझी हरकत नाही. चावी मिळाल्याचा आनंद खरा असतो, तो मी माझ्या बहिणीच्या घरी पाहिला आहे. पण त्याच कुटुंबाची पाच-सात वर्षांनी काय तब्येत आहे, हे कुठल्याच पानावर येत नाही. त्याबद्दल लिहितो आहे. पत्र लांबेल. कापायचंच झालं तर माझ्या घरचं कापा, नियमांचं ठेवा.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. दादरच्या एका आर्किटेक्टकडे टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर हातात धरून नोकरी काढली, शेवटची वर्षं कॉम्प्युटरवर. बहुतेक काम जुन्या चाळींच्या दुरुस्तीचं आणि पालिकेत मंजुरीला जाणाऱ्या नकाशांचं. त्यामुळे कुणाच्याही घरी गेलो की आधी खिडकी कुठे उघडते ते बघायची खोड लागली आहे. बायको त्यावरून चारचौघांत टोमणे मारते.

धाकटी बहीण माहीमजवळ रुळांच्या कडेला राहायची. रेल्वेच्या कामात झोपडी गेली आणि मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यातल्या एका वसाहतीत पहिल्या मजल्यावर २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. वसाहतीचं नाव देत नाही. पक्क्या भिंती, घरात संडास, नळाला पाणी. झोपडीत असताना रात्री-अपरात्री बाहेर जायचं तर कुणाला तरी उठवावं लागायचं, पावसाळ्यात चूल खाटेवर ठेवायची वेळ यायची. ते सगळं संपलं. त्यामुळे ‘झोपडीच बरी होती’ असलं काही मी म्हणणार नाही. तीही म्हणत नाही.

पण सकाळी अकरा वाजता तिच्याकडे गेलो तर ट्यूब लावलेली. खिडकी एकच आणि ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर. मधली जागा मी टेपने मोजली, तीन मीटरला दोन बोटं कमी. त्या फटीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा, फुटक्या पाइपातून ठिबकणारं पाणी, घुशी. खिडकी उघडली की वास आत येतो, आणि कधी वरून फेकलेलं काही नेमकं ग्रिलवर येऊन अडकतं. म्हणून तिने ग्रिलला आतून निळं प्लास्टिक बांधलं आहे. दरवाजा उघडावा तर बाहेर लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, पॅसेजमधल्या ट्यूबांपैकी निम्म्या गायब. समोरच्या घरात फोडणी पडली की खोकला हिच्या घरात. झोपडीच्या दारात निदान दुपारचं ऊन यायचं, उशा-गाद्या तिथे टाकता यायच्या. इथे आल्यापासून गादीला ऊन लागलेलं नाही, कारण गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरीकडे.

भाचा कुरिअरच्या कामाला होता. खोकला सुरू झाला तेव्हा आधी मेडिकलवाल्याकडून बाटली आणली, मग गल्लीतल्या डॉक्टरकडून दुसरी. पँट कमरेला राहिना तेव्हा एक्स-रे काढला, थुंकी तपासली. क्षय निघाला. सहा महिने गोळ्या घेऊन तो बरा झाला. उपचाराबद्दल माझी तक्रार नाही. औषध फुकट मिळालं, आरोग्य सेविका जिने चढून येऊन गोळ्यांचं पाकीट तपासायची आणि एखाद्या दिवशी तो चुकला तर आईसारखी ओरडायची. पण तो बरा होतो न होतो तोच समोरच्या खोलीतली कॉलेजात जाणारी मुलगी पॉझिटिव्ह आली. मग माझी बहीण. तिला नेहमीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, उपचार लांबला, मळमळ होऊन होऊन ती अर्धी झाली. त्या सेविकेला मी सहज विचारलं, की तुमच्याकडे जास्त रुग्ण कुठल्या मजल्यांवरचे? ती म्हणाली, ‘काका, वरती मला क्वचितच जावं लागतं.’

हे तिचं एकटीचं निरीक्षण असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण पालिकेच्या एम-पूर्व, म्हणजे मानखुर्द-गोवंडीच्या, विभागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केला, त्यात आयआयटी मुंबईतले अभ्यासकही होते. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले, पुढे तो शोधनिबंध म्हणूनही छापला गेला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत, पीएमजीत मोकळी जागा जास्त. पहिल्या दोन्हींत क्षयाचं प्रमाण पीएमजीपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि ज्या घरांत उजेड-वारा कमी, विशेषतः खालचे मजले, तिथे धोका अधिक. तिन्हीकडची माणसं विस्थापितच, पगार कमी-अधिक सारखे, दवाखाने तेच. फरक होता तो इमारतींच्या मांडणीत. अहवाल आला, चार दिवस बातम्या झाल्या, आणि नियमावली आहे तिथेच राहिली.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. मुंबईत १८९६ साली मांडवीत प्लेगची साथ सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षांत, १८९८ मध्ये, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते ट्रस्टनेच नव्याने काढले. हा ट्रस्ट काही साधुसंत नव्हता. त्याने पाडलं फार आणि गरिबांसाठी बांधलं त्या मानाने कमी, उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली. पण त्याच ट्रस्टने एक नियम आणला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ मारायची. समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. ट्रस्टचे अध्यक्ष जेम्स ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यानच दिलं होतं. त्रिकोणमिती विसरलेल्यांसाठी सांगतो, या कोनाचा अर्थ एवढाच की समोरच्या भिंतीची उंची मधल्या अंतराच्या दुप्पट चालेल, त्याहून जास्त नाही.

हाच नियम मी बहिणीच्या इमारतीला लावून पाहिला. तळमजला अधिक सात मजले, उंची साधारण २३ मीटर, समोर तेवढीच इमारत, मध्ये तीन मीटर. तीनची दुप्पट सहा. म्हणजे ज्या मजल्यावरून बघताना समोरची भिंत सहा मीटरच्या आत संपते ते मजले पास. असे फक्त सगळ्यात वरचे दोन. खालचे सहाच्या सहा नापास. तळमजल्यापर्यंत नियम पाळायचा तर अंतर साडेअकरा मीटर पाहिजे, तिथे ते तीन आहे. ब्रिटिशांच्या काळातला ड्राफ्ट्समन हा नकाशा साहेबाच्या टेबलावर ठेवायला धजला नसता, आणि आपल्या काळात त्यावर शिक्के पडले.

हे चोरून झालेलं नाही, नियमाने झालेलं आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये आलं. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(१०) खाली अशा प्रकल्पांना मोकळ्या जागांमध्ये सवलती मिळतात. प्रकल्प परवडावा म्हणून आणखी सवलत द्यायची तर कारण लेखी नोंदवून तसं करण्याचा अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आहे. घनतेचा आकडाही बघण्यासारखा आहे. हेक्टरी ५०० सदनिका असं आधी होतं, २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत ते ६५० झालं, आणि हा आकडा किमान आहे. एवढी तरी दाटी झालीच पाहिजे! कमाल किती, म्हणजे एका हेक्टरवर यापेक्षा जास्त माणसं कोंबू नका, हे सांगण्याची गरज कुणाला वाटली नाही. राजकारण सगळं चौरस फुटांचं चालतं. कुणी २२५ चे २६९ केले, मग ३०० झाले, धारावीत ३५० म्हणतात. खिडकीसमोर मोकळी जागा किती सोडणार, यावर एकाही जाहीरनाम्यात एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही.

इथे लोक दोन गोष्टी बोलतात, दोन्ही मी आमच्या चाळीच्या कट्ट्यावर ऐकल्या आहेत. पहिली म्हणजे, फुकट घर मिळालं, आता ऊनही पाहिजे का? फुकट कसलं? ती जमीन आणि चटईक्षेत्र शहराचं. बिल्डरला त्याबदल्यात विक्रीचं बांधकाम किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. विक्रीच्या टॉवरच्या जाहिरातीत ‘क्रॉस व्हेंटिलेशन’ असं ठळक अक्षरांत छापतात ना? त्याच प्रकल्पातल्या पुनर्वसनाच्या इमारतीत ते नसतं, इतकंच. शिवाय बहिणीचं लाइटबिल बघा. जो उजेड फुकट यायला हवा तो ती दिवसभर मीटरवर विकत घेते.

दुसरा आक्षेप एका शिकलेल्या गृहस्थांचा होता आणि तो जरा वजनदार आहे. क्षय जंतूंमुळे होतो, भिंतींमुळे नाही. औषध द्या म्हणजे झालं. त्यांनी मद्रासचा दाखलाही दिला. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवलं होतं, की सॅनेटोरियममध्ये न ठेवता दाटीवाटीच्या घरात राहूनही रुग्ण गोळ्यांनी बरा होतो आणि त्याच्यामुळे घरच्यांना जास्तीचा धोकाही होत नाही. अभ्यास खरा आहे, जगभर त्यामुळे उपचाराची पद्धत बदलली. पण घरच्यांना पुढे जास्त धोका नव्हता याचं एक कारण असं, की लागण व्हायची ती बहुतेक निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते आणि गोळ्या सुरू झाल्या की रुग्णापासूनचा संसर्ग झपाट्याने कमी होतो. म्हणजे प्रश्न आहे तो आधीच्या महिन्यांचा. भाचा दोन महिने खोकत होता, साध्या खोकल्याचं औषध घेत होता, आणि कुणालाच शंका नव्हती. त्या दोन महिन्यांत डॉक्टर काय करणार? तिथे फक्त वारा आणि ऊन कामाला येतात. खोकल्यातून उडालेले जंतू बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात, वारा खेळता असेल तर बाहेर जातात, आणि उन्हापुढे फार टिकत नाहीत. एवढं तर आम्हाला शाळेच्या आरोग्यशास्त्रात होतं.

जेवणाचंही घरासोबतच बोलायला हवं, कारण पुनर्वसनात दोन्ही एकदम हलतात. बहीण वांद्र्याला चार घरी पोळ्या करायची. मानखुर्दहून हार्बरने वडाळा, तिथून वांद्रे, असं करून दोन घरं सुटली. रेशनकार्ड जुन्या दुकानावर राहिलं, नव्या दुकानात नाव चढायला हेलपाटे घातले, तोवर धान्य बाजारभावाने. घर मिळालं त्याच वर्षी ताटातली डाळ पातळ झाली. आणि अपुरं खाणाऱ्याला क्षय लवकर धरतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना दर महिन्याला धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांना हा शिधा मिळाला तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, थुंकीत जंतू सापडणाऱ्या प्रकारात ४८ टक्क्यांनी कमी. डाळ-तांदळाने! आपल्याकडे निक्षय पोषण योजनेत रुग्णाला २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. चांगलं केलं. पण दिवसाला तेहेतीस रुपयांत आजारी माणसाला अंडी आणि दूध घालून बघा.

क्षय २०२५ पर्यंत संपवायचा असं देशाने ठरवलं होतं. २०१५ पासून प्रमाण सुमारे एक पंचमांशाने उतरलं, ते नाकारत नाही. पण एक खातं घरोघर गोळ्या वाटतं आणि दुसरं खातं रोग्यांची पुढची रांग तयार करणाऱ्या इमारतींना परवानगी देतं. दोन्ही खाती एकाच शहरातली. आरोग्य खात्याकडे ‘निक्षय’ या यंत्रणेत प्रत्येक रुग्णाची नोंद पत्त्यासह आहे. इमारत, मजला, खोली, सगळं. नावं झाकून त्याचा इमारतवार नकाशा काढणं हे एका ड्राफ्ट्समनचं आठवड्याचं काम आहे. (मी फुकट करून देतो, कुणी बोलावलं तर.) तो नकाशा बांधकामाला मंजुरी देणाऱ्या इमारत प्रस्ताव खात्याच्या टेबलावर कधी गेला आहे का? मंजुरीला जाताना आम्ही अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला घ्यायचो, झाडं असली तर उद्यान खात्याचा, विमानतळ जवळ असला तर त्यांचा. माणसांना आत श्वास घेता येईल की नाही याचा दाखला मागणारं कुणी नव्हतं.

माझी मागणी साधी आहे. पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीच्या नकाशाबरोबर मजलावार उजेड-वाऱ्याचं गणित जोडणं सक्तीचं करा आणि त्यावर विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्याची सही असल्याशिवाय काम सुरू करण्याचा दाखला देऊ नका. साडेत्रेसष्ट अंशच पाहिजेत असं मी धरून बसत नाही. आजच्या तज्ज्ञांनी आजचा आकडा ठरवावा, पण आकडा असू द्या, आणि ‘प्रकल्प परवडावा म्हणून’ तो शिथिल करायची खिडकी मात्र बंद ठेवा. जे मजले या गणितात नापास होतील तिथे माणसं ठेवू नका. तिथे पार्किंग करा, दुकानं द्या, सोसायटीचं ऑफिस न्या. हटकून कुणीतरी म्हणेल, बालवाडी करू. बालवाडी नको, पोरांनी अंधारात का बसायचं?

धारावीचं काम आता सुरू होतं आहे आणि तिथल्या अनेकांना बाहेर पाठवायच्या जागांमध्ये देवनारच्या कचराभूमीची जमीनही आहे. म्हणजे पुन्हा एम-पूर्वच. माहुलचा अनुभव ताजा असताना हे चाललं आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं, त्यांच्या खोकल्याचं आणि कातडीच्या तक्रारींचं कुणी ऐकेना, शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की तिथे जायची सक्ती करू नका, दुसरं घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. हा हिशेब आधी केला असता तर? भाड्याचे पैसे, क्षयाची औषधं, बुडालेली मजुरी, हे सगळं त्या ‘परवडणाऱ्या’ प्रकल्पाच्या खर्चात कुणी धरत नाही.

ज्या इमारती उभ्या आहेत त्या पाडा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण त्याच वसाहतींत वरच्या मजल्यांवर सील केलेल्या, रिकाम्या खोल्या असतात. माझ्या बहिणीच्या इमारतीतही आहेत. ज्या घरात क्षयाचा रुग्ण सापडला त्या घराला अर्ज-विनंत्या न करता वरची खोली बदलून द्यावी. दोन इमारतींमधल्या फटी पालिकेने ताब्यात घेऊन साफ कराव्यात, दोन्ही टोकांना जाळीची दारं लावावीत, पाइप बदलावेत, म्हणजे लोक खिडक्यांचं प्लास्टिक आपोआप सोडतील. पॅसेजच्या टोकाच्या भिंती जिथे बंद आहेत तिथे भिंत फोडून जाळ्या बसवता येतात. मी चाळींच्या दुरुस्तीत असं केलेलं आहे, खर्च फार येत नाही. रेशनकार्डाची बदली चावीबरोबरच हातात मिळावी. रुग्णाबरोबर घरच्यांनाही सहा महिने डाळ-तांदूळ द्या. आणि गच्च्यांची कुलपं उद्याच्या उद्या काढता येतील, त्याला ना निधी लागतो ना ठराव. सेक्रेटरी म्हणतो, गच्चीवर पोरं पतंग उडवतात, पडतील. मग कठडा चार फुटांचा करा.

या विषयावर आपल्या वार्ताहराने खालच्या मजल्यांवर दुपारी बारा वाजता जाऊन एक बातमी करावी अशी विनंती आहे. छायाचित्रकाराला फ्लॅश घेऊन जायला सांगा.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन,
लालबाग, मुंबई

ता.क. : माझं नाव आपल्याकडे कळवलं आहे, पण कृपया छापू नये. भाच्याचं लग्न ठरतं आहे आणि मुलीकडच्यांना आजाराचं अजून सांगितलेलं नाही. तो पूर्ण बरा आहे, सांगण्यात गैर काही नाही असं माझं मत, पण बहिणीपुढे माझं चालत नाही.